शुभेच्छुकांच्या ओळीतली पोरं

जालना रोडने चिकलठाणा विमानतळ मागे टाकून शेंद्र्याकडे निघालं की चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात. मधोमध गॉगल लावलेले 'भाऊ'. त्यांच्या दोन्ही बाजूंना मध्यम आकाराचे चेहरे. अगदी खाली, 'शुभेच्छुक' असं लिहिलेल्या पट्टीत, पासपोर्ट फोटोएवढ्या चौकटींमध्ये पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं. केस सारखेच कापलेले, नजर सारखीच रोखलेली. येणारे-जाणारे या फ्लेक्सकडे बघतात आणि शहर किती विद्रूप झालंय म्हणून पुढे जातात. समाजशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने मात्र त्यांचे फोटो काढून ठेवायला सुरुवात केली.

मुलांची गुन्हेगारी, त्यांच्या टोळ्या आणि त्यांची घरं हा त्यांच्या संशोधनाचा विषय. शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव, करमाड या पट्ट्यात त्या गेली कित्येक वर्षं फिरत आहेत. वस्त्यांवर त्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणतात. प्रत्येक फ्लेक्सखाली त्या तारीख लिहीत, चौक लिहीत, कोणता चेहरा कोणत्या ओळीत आहे ते लिहीत. पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर एखादं पोरगं खालच्या पट्टीतून वरच्या ओळीत गेलेलं दिसलं की मधल्या काळात काय झालं याची चौकशी सुरू होई. बहुतेकदा काहीतरी झालेलंच असे. भांडणात ते सगळ्यांच्या पुढे उभं राहिलेलं असे, नाहीतर दुसऱ्याने केलेलं स्वतःच्या अंगावर घेतलेलं असे, नाहीतर पोलिसांनी खोदून खोदून विचारूनही त्याने तोंड उघडलेलं नसे. कधी चेहरा गायबच होई. तेव्हा मॅडमची उत्सुकता आणखी वाढे. पोरं टोळीत का जातात यावर कपाटं भरून वाचायला मिळतं. ती फ्लेक्सवरून उतरतात कशी, हे मात्र त्यांना वस्तीतच शोधावं लागलं.

एका मुलाने त्यांना सांगितलं होतं, "शाळेत सर मला 'ए, तिकडचा' म्हणायचे. फ्लेक्सवर माझं नाव आडनावासकट बरोबर छापलं व्हतं." त्यासाठी त्याने वर्गणीही भरली होती. पैसे आईच्या डब्यातून काढलेले.

शेंद्र्याचा कायापालट मॅडमनी डोळ्यांदेखत पाहिला. जिथे बाजरी आणि कापूस होता तिथे एमआयडीसी आली. २००१ मध्ये स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला आणि शेंद्रा हे नाव देशभर माहीत झालं. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्रा-बिडकीनचं 'ऑरिक' शहर आखलं गेलं, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. रस्ते रुंद झाले, जमिनींचा मावेजा मिळाला. ज्यांना मावेजा मिळाला त्यांच्यातल्या काहींनी बंगले बांधले, काहींनी खोल्या काढून भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून आणि थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं राहायला आली. एका खोलीत पाच-सहा माणसं, नवरा-बायको दोघंही ठेकेदाराकडे कामाला. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला मराठवाडाभरातून लोक नवस फेडायला येतात, तेवढे दिवस जुनं शेंद्रा दिसतं. एरवी गावाचं घड्याळ शिफ्टच्या भोंग्यावर चालतं.

टोळी म्हटलं की सिनेमातलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथली टोळी बघायला गेलं तर फार साधी असते. चौकातल्या टपरीवर बसणारा दहा-बारा जणांचा 'ग्रुप', त्याचं एक नाव, त्या नावाचं इन्स्टाग्राम खातं. वर एखादा वयाने मोठा माणूस. त्याचा भंगाराचा धंदा, टँकर, नाहीतर लेबर पुरवण्याचं काम. कुंपणाआडून बाहेर येणारी तांब्याची तार आणि उभ्या ट्रकमधलं डिझेल यावर खर्चापाण्याचं भागतं. बाकी वेळ रील, तलवारीने केक कापणं, दुसऱ्या ग्रुपच्या पोराला 'नडणं'. यातली बरीच पोरं गुन्हेगार नसतात. पण एखाद्या रात्री त्यातल्या तिघांच्या हातात काहीतरी असतं आणि समोरचा पोरगा पडतो.

काम सुरू केलं तेव्हा मॅडमच्या पिशवीत एक प्रश्नावली होती. ती ज्या परंपरेतून आली होती तिचं मूळ अमेरिकेत आहे. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बॉस्टनमधली ५०० अपराधी आणि ५०० निरपराधी मुलं घेतली, वय, वस्ती, बुद्ध्यांक जुळवून त्यांची तुलना केली आणि १९५० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की घरातली देखरेख, शिस्त आणि माया यांवर बरंच काही ठरतं. साहजिकच नंतरच्या पिढ्यांतले अभ्यासक घराला हेच विचारत राहिले: मुलावर लक्ष कोण ठेवतं? रात्री किती वाजता घरी येतो? कोणाबरोबर असतो?

शेंद्र्यातल्या आया या प्रश्नांना उत्तरं देत, पण खाली बघून. कारण प्रश्नाच्या पोटातच आरोप होता. लक्ष ठेवायचं कुणी? आई फर्स्ट शिफ्टला पहाटे निघते, बाप सेकंड करून मध्यरात्री परततो, नाईट असली तर दिवसभर झोपलेला. दोघं जागेपणी एकमेकांना भेटतात ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. तरीही स्वयंपाक झालेला असतो, पोराचा शर्ट धुतलेला असतो, क्लासची फी हप्त्याने भरलेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक आकडेवारीतही हेच दिसतं. पकडल्या गेलेल्या मुलांमध्ये बेघर मुलं थोडी, आईवडिलांसोबत राहणारीच बहुसंख्य. २०२२ मध्ये देशभरात अशा मुलांवर तीस हजारांवर गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतली तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलं सोळा ते अठरा वयाची होती. म्हणजे घर आहे, आईबाप आहेत, पोरगं मिसरूड फुटलेलं आहे. 'घर मोडलं म्हणून पोरगं बिघडलं' हे समीकरण इथे लागू पडत नाही.

मग लागू काय पडतं, ते त्यांना एका रात्रीच्या हकिकतीतून उमगत गेलं.

तांब्याच्या तारेच्या चोरीत एक सोळा वर्षांचा मुलगा पकडला गेला होता. कायद्याप्रमाणे पोलिसांनी आईबापांना लगेच कळवायचं असतं. पोलिसांनी फोन लावला, लागला नाही. आई नाईट शिफ्टला होती आणि मोबाईल गेटवर जमा करूनच आत जावं लागतं. बाप गावी मयतीला गेलेला. पोराने मग तोंडपाठ असलेला तिसरा नंबर सांगितला, तो 'भाऊं'चा. भाऊ अर्ध्या तासात आले. येताना वडापाव आणले, पाण्याची बाटली आणली, सोबत वकील. सकाळी आई सुटली, गेटवर मोबाईल चालू केला, पंधरा मिस्ड कॉल बघितले आणि तिथेच मटकन खाली बसली. ती धावत पोचेपर्यंत भाऊंनी सगळं निस्तरत आणलं होतं. आई भाऊंच्या पाया पडली.

"आता त्याला सोड म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?" असं ती नंतर मॅडमना म्हणाली. "रात्री मी न्हवते. ते व्हते."

त्यानंतर मॅडमच्या प्रश्नावलीचं पहिलं पान बदललं. 'तू असं का केलंस?' हा प्रश्न मागे गेला. 'पहिल्या रात्री कोण आलं?' हा पुढे आला. मुलं या प्रश्नाला खरं उत्तर देतात, कारण त्यात त्यांना लपवण्यासारखं काही नसतं. आणि उत्तरात पुढच्या दोन वर्षांचा नकाशा असतो. ज्याच्यासाठी आई, मोठा भाऊ, शेजारचे काका, कुणीही घरचं पोचलं, त्याच्यावर भाऊंचं देणं राहत नाही. ज्याच्यासाठी भाऊ पोचले, त्याच्या डोक्यावर वकिलाची फी, दवाखान्याचं बिल आणि त्याहून जड अशी उपकाराची बाकी चढते. पुढच्या वेळी 'तू पुढं हो, तू अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही' असं सांगितलं की पोरगं पुढे होतं.

त्याला काही होत नाही, हे खरं नव्हे. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये झाला, १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. जामीन हा नियम आणि निरीक्षणगृह हा अपवाद. चौकशीत दोष सिद्ध झाला तर समज देण्यापासून तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवण्यापर्यंतचे आदेश होऊ शकतात. पण सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन होतं आणि खटला प्रौढांसारखा चालू शकतो. ही बाजू चौकात कुणी पोराला सांगत नाही.

पोरांना पुढे करणाऱ्या मोठ्यांसाठीही कायद्यात जागा आहे. कलम ८३ नुसार बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आणखी कडक आहे, तीन ते दहा वर्षं. मॅडमनी आजवर जेवढी प्रकरणं हाताळली त्यांच्या कागदांत ही कलमं क्वचितच दिसली. मुलाचं नाव येतं, मुलाच्या मित्राचं येतं; वडापाव घेऊन आलेल्या माणसाचं येत नाही. त्यांच्या मते लोकांचा सगळा राग पोराचं वय सोळावर आणण्याच्या मागणीत खर्च होतो आणि मोठ्यांना निसटायला दार उघडं राहतं.

तो राग त्यांनी जवळून पाहिला. पुण्यात कोयता घेऊन दुकानं फोडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ फिरू लागले तेव्हा शेंद्र्यातल्या ग्रुपनीही तसेच रील केले. मग १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांच्या निबंधाचा उल्लेख आला. दुसऱ्या दिवशी शेंद्र्यातली एक आई मॅडमना म्हणाली, "आमच्या पोराला कुणी निबंध लिहायला सांगितला नाही." तिचा मुलगा सायकलच्या प्रकरणात निरीक्षणगृहात होता. जामीन मिळाला होता, पण हमी द्यायला यायचं त्या तारखेला तिला सुट्टी मिळाली नव्हती. कायदा दोघांना एकच. एका घराला त्या दिवशी वकील, गाडी, आजोबा, सगळं होतं. दुसऱ्या घराला एक खाडा परवडत नव्हता.

खाडा पडला की काय होतं, हे मंडळाच्या टेबलापलीकडे बसणाऱ्याला सहसा माहीत नसतं. ठेकेदाराकडे त्या दिवसाची हजेरी जाते, महिन्याचा हजेरी भत्ता जातो आणि लागोपाठ दोन-तीन तारखा पडल्या की 'उद्यापासून येऊ नको'. चौकशी चार महिन्यांत संपावी असं कायदा म्हणतो. तेवढ्यातही अशा तारखा पडतातच. एका बापाने तिसऱ्या तारखेनंतर यायचं सोडलं. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात 'पालक निष्काळजी' असं लिहायची वेळ आली होती. मॅडम त्या बापाची मागच्या महिन्याची पगाराची पावती घेऊन गेल्या. कापलेले रुपये पावतीवर होते. अहवालातलं वाक्य बदललं.

कागद काय करू शकतो, याची एक हकिकत त्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतात. मारामारीच्या एका गंभीर प्रकरणात मुलाचं वय सोळाच्या आत की बाहेर यावर सगळं अडलं होतं. वय ठरवताना बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मुलाचा बाप दाखल्यासाठी परतूरकडच्या आपल्या गावी गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणलेला तो कागद मॅडमच्या हातात आला तेव्हा चार घड्या पडलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग. निळ्या शाईत जन्मतारीख: १ जून. गावाकडच्या शाळांत पूर्वापार चालत आलेली तारीख ती. जून महिन्यात शाळा उघडते, पोराला घेऊन आई येते, तारीख आठवत नाही, गुरुजी १ जून टाकतात. या एका सोयीच्या तारखेनुसार मुलगा घटनेच्या दिवशी सोळा वर्षं आणि काही आठवड्यांचा होत होता.

आजी म्हणत होती, पोरगं पोळ्याच्या आसपास झालं. म्हणजे श्रावण संपता संपता. तसं असेल तर तो सोळाच्या आत. पण आजीच्या पोळ्याला कागद नव्हता. बाप पुन्हा गावी गेला. या वेळी मॅडमनी त्याला सांगून पाठवलं होतं की शाळेत जाऊ नको, आशाताईंना भेट, प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाचं रजिस्टर असतं. रजिस्टर सापडलं. पहिल्या डोसची तारीख सप्टेंबरमधली होती, आणि त्यावरून ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचं पान शोधता आलं. ते आजवर कुणी मागितलंच नव्हतं. मंडळासमोर दोन्ही कागद ठेवले गेले, दोन्हींवर विचार झाला आणि मुलाची चौकशी मूल म्हणूनच झाली. त्या बापाची यात ठेकेदाराकडची नोकरी गेली. आता तो करमाडच्या बाजारात भाजीची गाडी लावतो. पोरगं सकाळी बापाबरोबर माल उचलायला जातं.

या कामात मदत करणारे खूप भेटतात आणि मॅडमना त्यांच्याबद्दल आदरही आहे. पण मदतीची तपासणी करायला हवी, हे त्यांनी जोन मॅककॉर्ड यांच्याकडून घेतलं. अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून ५०६ मुलांचा एक प्रयोग झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी मॅककॉर्डनी ती माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांतल्या बऱ्याच जणांनी 'आमचं भलं झालं' असं सांगितलं. नोंदी मात्र उलटं सांगत होत्या. दारू, आजारपण, पुन्हा गुन्हा, अशा काही बाबतींत मदत मिळालेला गट दुसऱ्यापेक्षा खालावलेला होता. अडचणीतल्या मुलांना शिबिरात एकत्र आणलं की ती एकमेकांपासूनही शिकतात, असा त्याचा एक अर्थ पुढच्या अभ्यासकांनी लावला. म्हणून 'वाया गेलेल्या पोरांसाठी' खास शिबिर घ्यायचं ठरतं तेव्हा मॅडम विरोध करतात. तीस पोरं एकत्र बसवली की वेगवेगळ्या चौकांतले ग्रुप एकमेकांच्या ओळखीचे होतात, संध्याकाळी नंबर बदलले जातात. त्यापेक्षा एका पोराच्या घरी जावं.

घरी गेल्यावर द्यायचं काय, हा पुढचा प्रश्न. नुसता उपदेश तर चौकातला माणूसही देतो. मिशन वात्सल्य योजनेच्या प्रायोजकत्वात पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात, राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५०. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. ही रक्कम छोटी वाटते, पण वस्तीतल्या हिशेबात ती आईच्या रात्रपाळीच्या फरकाएवढी असते. एका विधवा बाईंना अनुदान सुरू झालं आणि त्यांनी नाईट सोडून फर्स्ट शिफ्ट घेतली. मुलगा काही लगेच सुधारला नाही. पण रात्री बाराला घराचं दार ठोठावलं तर उघडणारं कुणीतरी होतं, आणि मॅडमच्या मते त्या वर्षात तेवढंच पुरेसं होतं.

सगळीकडे पुरतं असं नाही. 'बटन' म्हणजे झोपेच्या नशिल्या गोळ्या. त्या एकदा आल्या की घराचं बळ कमी पडतं. एका आईने पोराला खोलीत कोंडून ठेवलं, ठेकेदाराला विनवून कामावरून घरी आली, मांगीरबाबाला नवस बोलली, सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसली. व्यसनमुक्तीची सोय मोठ्यांच्या वॉर्डात होती. सतरा वर्षांचं लेकरू तिथे ठेवायला तिचा जीव धजेना. अठरा पूर्ण झाल्यावर काही महिन्यांतच तो एका खुनाच्या प्रयत्नात अडकला आणि हर्सूलच्या तुरुंगात गेला. ती आई अजून मॅडमच्या संपर्कात आहे. तिच्याकडे बोट दाखवून 'आईने लाड केले' म्हणणाऱ्या माणसाशी मॅडम भर सभेत भांडल्या आहेत. जे एका माणसाला करता येणं शक्य होतं ते सगळं त्या बाईने केलं होतं.

'घर' म्हणजे फक्त आईबाप असं धरून चालणं हीही पुस्तकी सवय आहे. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठक हा मार्ग स्वीकारला, माओरी समाजाच्या आग्रहातून. मुलाने काही केलं की आजी-आजोबा, काका-मामा, सगळा गोतावळा बसतो, ज्याचं नुकसान झालं तोही येतो, आणि पुढे काय करायचं ते बैठकीत ठरतं. मॅडमना ते वाचून वाटलं की आपल्याकडे तर भावकीची बैठक जमिनीच्या वाटण्यांसाठी होतेच, पोरासाठी का होऊ नये? पहिली बैठक कुंभेफळच्या एका दहा बाय दहाच्या खोलीत झाली. चुलत्याने सुरुवातच शिव्यांनी केली. बाप गप्प. शेवटी बदनापूरकडून आलेला मामा बोलला. तो पोराकडे न बघता बहिणीला म्हणाला, "ताई, याला माझ्याकडं दे. कापूस वेचणीला माणूस लागतंयच." मुलगा मामाकडे चार महिने राहिला. या काळात फोन आला की मामी उचलायची. भाऊंच्या ग्रुपमध्ये त्याची जागा दुसऱ्याने घेतली, फ्लेक्सवरून चेहरा उतरला, आणि परतल्यावर कुणी त्याला फारसं विचारलंही नाही.

किशोरवयात गुन्हा करणाऱ्यांपैकी बहुतेक जण वय वाढलं की आपोआप थांबतात आणि थोडेच आयुष्यभर चालू ठेवतात, असं टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं. ग्लूक दांपत्याच्या त्या जुन्या नोंदी पुढे हार्वर्डच्या लॉ स्कूलच्या तळघरात खोक्यांमध्ये सापडल्या. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी त्या नव्याने तपासल्या आणि त्यांतल्या काही माणसांना म्हातारपणी जाऊन भेटले. वळण कुठे आलं, तर नोकरी, लग्न, सैन्य. म्हणजे मधली दोन-तीन वर्षं टळली तर बरंच टळतं. मॅडम ही वर्षं टाळायच्या कामाला लागल्या त्या या आधारावर.

पण नोकरीपाशी येऊन पोरगं पुन्हा अडतं. शेंद्र्यातल्या कंपन्यांत ठेकेदारामार्फत लागायचं तरी चारित्र्य पडताळणी मागतात. कलम २४ सांगतं की बाल न्याय कायद्याखाली कार्यवाही झालेल्या मुलाला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता लागत नाही. अपवाद फक्त प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. गेटवरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला गावातली चर्चा ठाऊक असते. एका मुलाला कलम २४ ची मराठी प्रत पाकिटात ठेवायला मॅडमनी दिली होती. एका कंपनीच्या एचआरमधल्या तरुण अधिकाऱ्याने ती शांतपणे वाचली, झेरॉक्स काढून घेतली आणि मुलाला ट्रेनी म्हणून घेतलं. दुसऱ्या दोघांनी न वाचताच परत केली होती.

मधे एकदा एका पोलीस अधिकाऱ्यांनी फ्लेक्सचे ते सगळे फोटो आणि वह्या मागितल्या. टोळ्यांची यादी आयती तयार होती. मॅडमनी दिल्या नाहीत. त्या वह्यांत विश्वासाने सांगितलेलं होतं, आणि मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ने मनाई आहे. त्यानंतर काही महिने त्यांना कुठेही सहकार्य मिळालं नाही. त्यांनी ते सहन केलं. वस्तीत मात्र ही गोष्ट पोचली, आणि आजवर न बोललेले दोन बाप स्वतःहून बोलायला आले.

आता त्यांच्या कामाला वस्तीतल्याच तीन बायकांची साथ आहे. तिघींची मुलं मंडळापुढून गेलेली. कुणाचं पोरगं उचललं असं कळलं की यांच्यापैकी एक निघते. प्लास्टिकच्या पिशवीत काय असावं हे त्यांना पाठ आहे: आधार कार्डं, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, बोनाफाइड, पासपोर्ट फोटो, पगाराची पावती, आणि पोरासाठी एक धुतलेला शर्ट. त्यांनी वस्तीतल्या घराघरांत एक चिठ्ठीही वाटली आहे. तिच्यावर आईचा मोबाईल नंबर नाही, कारण तो गेटवर जमा असतो. तिच्यावर लाइन सुपरवायझरचा नंबर आहे, गेटच्या केबिनचा आहे, शेजारणीचा आहे आणि १०९८ ही हेल्पलाइन आहे. पोरांनी हे नंबर पाठ करावेत असा या बायकांचा आग्रह असतो. पोरं नाकं मुरडतात, पण पाठ करतात.

मॅडमनी नवा अभ्यास घ्यायचं ठरवलंय तो मुलांवर नाही, शिफ्टवर आहे. शिफ्टचं वेळापत्रक किती दिवस आधी कळतं, एका घरातल्या दोघांना एकाच आठवड्यात नाईट लावायची की नाही हे ठरवताना त्यांना कुणी विचारतं का, आणि मंडळाच्या तारखेला गेलेल्या कामगाराचा खाडा धरू नये अशी तरतूद ठेक्याच्या करारात घालता येईल का. त्यासाठी त्या सध्या एचआर अधिकाऱ्यांच्या भेटी घेत आहेत. पाच जणांनी वेळ दिली आहे, एकाने कराराचा नमुनाही दाखवायचं कबूल केलं आहे.